काँग की जो?

शनिवारची रात्र आहे, घरात दहा-बारा वर्षांची मुलं आहेत आणि एकच चित्रपट होणार आहे. १९३३चा ‘किंग काँग’ लावावा की १९४९चा ‘मायटी जो यंग’? दोन्हींचा नायक एक प्रचंड गोरिला, एकात काँग, दुसऱ्यात जो. हा पेच माझ्यापुढे भाचरांमुळे आला आणि मी तो माझ्यापुरता सोडवला. तुमचा निर्णय वेगळा ठरू शकतो, पण माझा कसा झाला ते सांगतो.

दोन्ही चित्रपटांमागची माणसं बरीचशी तीच आहेत. निर्माता मेरियन कूपर आणि दिग्दर्शक अर्नेस्ट शोडसॅक दोन्हीकडे आहेत. बाहुल्यांची करामत, म्हणजे बाहुली चौकटीगणिक किंचित हलवून चित्र घ्यायचं आणि ती चालती-फिरती भासवायची, विलिस ओब्रायनच्या देखरेखीखाली झाली आहे. कथेत जनावराला शहरात आणून तमाशा मांडणारा बोलघेवडा माणूसही दोन्हीकडे रॉबर्ट आर्मस्ट्राँग या नटानेच रंगवला आहे. म्हणून या दोघांची तुलना करताना मजा येते. फरक आहे तो मधल्या सोळा वर्षांचा.

भव्यता हवी असेल तर काँगला तोड नाही, हे आधीच कबूल करतो. काचांवर रंगवून एकामागे एक उभं केलेलं ते धुकट जंगल आजही मला कुठल्याच संगणकी जंगलात सापडत नाही. डायनोसॉरचा जबडा फाडल्यावर काँग तो लोंबता जबडा हाताने उघडझाप करून पाहतो, मेला की नाही याची खात्री करून घेतो. शेवटी न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या टोकावर छातीला गोळी लागल्यावर बोटांना लागलेलं रक्त तो बघतो. दीड-दोन फुटांच्या बाहुल्यांकडून हे करवून घेतलं आहे. मॅक्स स्टायनरच्या संगीताने तर अंगावर काटा येतो.

काँगच्या अंगावरचे केस सारखे हलतात, ही तक्रार पुष्कळांची असते. बाहुल्या घडवणाऱ्या मार्सेल डेल्गाडोने त्या बाहुलीला सशाची कातडी लावली होती आणि दर चौकटीला हात लागला की केस दबायचे. मला हा दोष वाटत नाही. संतापलेल्या जनावराचे केस उभे राहावेत तसं ते दिसतं, आणि त्या थरथरण्यात माणसाच्या बोटांची खूण राहिली आहे, याचं मला अप्रूप वाटतं.

माझा विरस झाला तो दुसऱ्याच गोष्टीने. ते डोकं.

जवळून चेहरा दाखवायचा म्हणून काँगचं एक प्रचंड डोकं आणि खांदे बांधले होते. वर अस्वलाची कातडी, आत बसलेली तीन माणसं आणि हवेच्या दाबावर हलणारे ओठ-भुवया. खटपट मोठी, पण पडद्यावर काय होतं पाहा. बाहुली झुंजते आहे, वळते आहे, विचार करते आहे, आपण तिच्यावर पुरता विश्वास ठेवलेला आहे, आणि एकदम ते डोकं येतं. डोळे ताठ, दात विचकलेले, माणूस तोंडात धरलेला. हा काँग नव्हेच, असं दर वेळी वाटतं. गाणं रंगात आलेलं असताना पेटी बदलावी तसं होतं. पहिल्यांदा पाहताना हे मी मनावर घेतलं नव्हतं. पण भाची शेजारी बसली होती तेव्हा पहिल्याच वेळी तिने विचारलं, “मामा, हा दुसरा माकड आहे का?” मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर ते डोकं आलं की मी कथेतून बाहेर पडतो आणि परत आत शिरायला दोन मिनिटं लागतात.

जोच्या बाबतीत मला हा धक्का बसत नाही. त्याचा चेहरा मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जनावराचा वाटतो. इथे ओब्रायन प्रमुख असला तरी बाहुली हलवण्याचं बहुतेक काम तरुण रे हॅरीहाउसनचं आहे. हा मुलगा तेरा वर्षांचा असताना हॉलिवुडच्या थिएटरात काँग बघून वेडावला होता. पुढे ज्याच्या कामाने वेड लावलं त्याच्याच हाताखाली बसून त्याने जो जिवंत केला, आणि या चित्रपटाला विशेष दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं.

त्याची कमाल मारामारीत नाही, रिकाम्या क्षणांत आहे. तळघरात कोंडलेल्या जोला तीन झिंगलेली माणसं दारू पाजतात आणि लायटरने त्याचं बोट भाजतात, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं दुखणं आधी दिसतं आणि राग मागून येतो. लॉरीच्या मागे बसून पळताना तो पाठलाग करणाऱ्यांवर थुंकतो. हे पाहून मुलं जमिनीवर लोळून हसली होती, आणि ती लॉरी त्यांनी मला तीनदा मागे नेऊन दाखवायला लावली.

जोमध्येही खोट आहेच. नाइटक्लबचा भाग लांबतो, काउबॉयचं प्रेमप्रकरण पाणचट आहे, आणि काँगच्या बेटावर जी भीती मनात बसते तिचा इथे मागमूस नाही. जोमधली आफ्रिकेतली आणि काँगच्या बेटावरची माणसं ज्या नजरेने दाखवली आहेत त्याबद्दल मात्र मुलांशी दोन्ही वेळेला बोलावं लागतं, काँगच्या वेळी जरा जास्तच. शिवाय काँग दिसायला जवळपास पाऊण तास लागतो. मला ती वाट बघणं आवडतं, पण लहान मुलांचा धीर तेवढा टिकेलच असं नाही.

म्हणून माझ्या घरी आधी जो लागतो. काँग त्यानंतर, एखाद्या मोकळ्या रात्री, मोठ्या पडद्यावर आणि आवाज वाढवून. तुम्ही एकटेच बघणार असाल आणि भव्यतेसाठीच बसणार असाल, तर हा क्रम उलटा लावायलाही माझी हरकत नाही.

प्रत घेताना एवढं पाहा. काँगमधले काही प्रसंग १९३८ साली पुन्हा प्रदर्शित करताना कापले होते, ते पुढे परत जोडले गेले. तेव्हा साधारण शंभर मिनिटांची प्रत शोधा. आणि जोच्या शेवटी अनाथाश्रमाला आग लागते तो भाग मूळ चित्रपटात तांबूस रंगवलेला आहे. माझ्याकडची पहिली प्रत सबंध काळी-पांढरी होती, आणि ज्वाळांमधून मुलाला वाचवणारा जो मी कित्येक वर्षं त्या लालीशिवायच पाहत होतो.