शनिवार होता, आणि मी अलिबागचा

बँकेत 31 वर्षं कॅश सांभाळली, कोणी मला पाच रुपयांना गंडवलं नाही. आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्याच परदेशवारीत पोलंडमधल्या क्राकुफच्या मोठ्या चौकात एका गोडबोल्या पोराने माझ्याकडून 1400 झ्लॉटी (तिथलं चलन) काढले. मुलाला मी अजून निम्माच आकडा सांगितलाय. त्याच्या ओळखीचं कोणी हे वाचत असेल तर कृपया गप्प राहा.

सापळा जुनाच. चौकात बॅटरीवर चालणाऱ्या उघड्या गाड्या उभ्या होत्या, तिकडे त्यांना मेलेक्स म्हणतात. जुनी ज्यू वस्ती काझिमिएझ, नदीपलीकडचा घेट्टो (नाझींनी ज्यूंना कोंडलेली वस्ती), दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना वाचवणाऱ्या शिंडलरची फॅक्टरी, सगळं दोन तासांत, 280 झ्लॉटी. मी मान हलवून पुढे निघालो होतो, हेही नोंदवून ठेवा. तेवढ्यात त्याने विचारलं, इंडियात कुठले? बायको बोलून गेली, "कोल्हापूर." पोरगा छातीवर हात ठेवून म्हणाला, "वळिवडे! माझी आजी तिथे वाढली."

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? 1943 ते 1948 या काळात हजारो पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले होते. बायकोचं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही, पण मी गॉगल घातला होता. आजी किती साली परतली, एवढंसुद्धा मी विचारलं नाही.

गाडी शेरोका रस्त्यावर रेमुह सिनेगॉगपाशी थांबली. सोळाव्या शतकातलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मागे तेवढंच जुनं कब्रस्तान. हेच बघायला तर आम्ही गेलो होतो. दार बंद. "रिपेअरिंग," पोरगा म्हणाला. बायको हळूच म्हणाली, "अहो, आज शनिवार ना?"

तो क्षण मला अजून झोपू देत नाही. मी अलिबागचा. आमचं घर इस्राएल आळीपासून चार पावलांवर. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांना, म्हणजे इथल्या ज्यूंना, लोक शनिवार तेली म्हणत, कारण शनिवार ज्यूंचा विसाव्याचा दिवस, त्या दिवशी त्यांचा तेलाचा घाणा बंद. शेजारच्या काकूंकडे शनिवारी चूल पेटत नसे, हे मी लहानपणापासून बघितलेलं. शनिवारी सिनेगॉग पर्यटकांना उघडं नसतं हे ज्याला जगात सगळ्यांच्या आधी कळायला हवं, तो मी शनिवारी सिनेगॉग दाखवणाऱ्या माणसाच्या गाडीत बसलो होतो. आणि बायकोला म्हणालो, "तुला कशाला पाहिजेत नाही त्या चौकश्या?"

पुढचं सगळं पळवापळवीत. ल्वोव्स्का रस्त्यावर घेट्टोच्या भिंतीचा तुकडा उरलाय, वरचा भाग थडग्यांच्या दगडांसारखा गोलाकार. स्पीकरवरची टेप त्याच्याबद्दल बोलू लागली तेव्हा भिंत मागे पडलेली होती. 1943 च्या मार्चमध्ये घेट्टो रिकामा केला, त्या चौकात आज रिकाम्या लोखंडी खुर्च्यांचं स्मारक आहे. तिथे त्याने गाडी दीड मिनिट थांबवली, तेही सिगारेट पेटवायला. दोन तास म्हणाला होता, 40 मिनिटांत परत. आणि 280 म्हणे माणशी! 560 झ्लॉटी कार्डाने दिले. पावती मागितली तर व्हिजिटिंग कार्ड हातात दिलं. तिकडे छापील पावतीला पॅरागॉन म्हणतात. शब्द पाठ करून जा.

इतकं होऊनही मी दुसऱ्या दिवसाच्या आउशवित्झसाठी, म्हणजे नाझींची छळछावणी बघायला, त्यालाच 840 झ्लॉटी रोख दिले. का? "आजीला फोन लावतो, तुम्ही दोन शब्द बोला," म्हणाला. फोन लागला नाही, पण पैसे निघाले. तेही असे, की एटीएमने रुपयांत हिशेब करू का विचारलं आणि मी हो दाबलं. 1000 झ्लॉटीला 25,870 रुपये गेले. कधीही रुपये निवडू नका, नेहमी तिथलं चलन. मी कॅशियर होतो, हे परत सांगवत नाही.

रविवारी पहाटे पावणेसहाला गाडी येणार होती. आली नाही. आम्ही बसने 70 किलोमीटर गेलो. गेटवर त्याचा कागद बघून रखवालदाराने बोट ठेवलं, नाव कुठाय? आउशवित्झच्या खऱ्या पासावर तुमचं नाव असतं, ओळखपत्राशी ताडून बघतात. आणि गाइडशिवाय जायचं असेल तर तो पास फुकट मिळतो. फुकट! विझिट डॉट ऑशविट्झ डॉट ऑर्ग, आधी बुक करायचा, बास.

मग पोलीस. दुभाषा उद्या. उद्या अकराला गेलो, तो अडीचला आला. ऐकून घेतलं आणि म्हणाले, गाडीत बसलात, फिरलात, पैसे स्वतः दिलेत, हा व्यवहाराचा वाद आहे. शिक्क्याचा कागद नाही, एक चिठ्ठी दिली. विमा कंपनीला शिक्का हवा, शिवाय रोख रक्कम बसत नाही. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. माझीच बँक, जिथे मी 31 वर्षं घासली! भारतात परतल्यावर इथल्या ठाण्यातला पोरसवदा हवालदार तर हसला, "काका, पोलंड आमच्या हद्दीत येत नाही." अरे, मग कोणाच्या हद्दीत येतं ते तरी सांगा. सहा ईमेल केल्या, सहाही वेळा "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे."

त्या सोमवारी विमानाआधी तासभर उरला होता, तेव्हा धावत रेमुह गाठलं. उघडं होतं. तिकीट अगदी किरकोळ. नाझींनी फोडलेल्या थडग्यांचे तुकडे जोडून केलेली भिंत तिथे आहे. बायकोने दगडावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. माझ्याशी बोलत नव्हती.

हॉटेलात जामनगरचं एक जोडपं भेटलं. त्यांनाही तोच पोरगा, तीच गाडी. त्यांना त्याने सांगितलं, आजी बालाचडीत वाढली, म्हणजे जामनगरजवळच्या पोलिश मुलांच्या छावणीत. बालाचडीची मुलं पुढे वळिवड्यालाच आणली होती हे मला माहीत आहे, म्हणजे आजी खरी असूही शकते. बायको म्हणते, अजूनही तुम्ही त्याचीच बाजू घेता.

परवा त्याला मेसेज टाकला, आजी कशी आहे? दोन निळ्या टिका आल्या.