कपल किट मागवलं, त्यातलं काय कामाचं निघालं ते सांगते

लग्नाला 11 वर्षं झालीत, टू बीएचके, सासूबाई आणि मुलगी घरात, म्हणजे आमचं सगळं गुपचूप आणि ठरलेल्या वेळी. मग एकदा नवराच म्हणाला काहीतरी नवीन करून बघू का, आणि असं म्हणून पुढे दोन दिवस माझ्याकडे बघेचना, शेवटी मीच हे किट मागवलं, म्हणजे जोडप्यांनी बेडरूममध्ये वापरायच्या वस्तूंचा सेट. 1,799 ला पडलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असे सेट डझनभर कंपन्या विकतात आणि आतला माल साधारण सारखाच असतो.

पॅकिंगला पूर्ण मार्क. साधा खाकी बॉक्स, बाहेर काही लिहिलेलं नाही, सासूबाईंनीच घेतला आणि टेबलावर ठेवला. बिलावर "मसाजर" एवढंच. आपल्याकडे अश्लील वस्तू विकण्याविरुद्ध कलम आहे ना (आधी भादंविचं 292, जुलै 2024 पासून न्याय संहितेचं 294), त्यामुळे सगळे असंच काहीतरी लिहून विकतात. गोव्यात कळंगुटला 2021 मध्ये उघड दुकान टाकलं होतं कुणीतरी, ते थोड्याच दिवसांत पंचायतीने बंद करायला लावलं.

आता आतलं. डोळ्यावरची पट्टी मस्त, मऊ आहे, आणि डोळे बंद असले की नुसता हात फिरवला तरी वेगळंच वाटतं. अंगावर फिरवायचं पीस मात्र फालतू, पहिल्याच रात्री गादीभर त्याचे केस. हाताच्या पट्ट्यांना वेल्क्रो आहे आणि तो उघडताना जो कर्र्र आवाज येतो ना रात्री साडेअकराला, आम्ही दोघं श्वास धरून दाराकडे बघत बसलो, मग हसूच आवरेना. हाताला पट्टी बांधलीत तर आत दोन बोटं जातील इतकी सैल ठेवा, मुंग्या आल्या की लगेच सोडा, आणि गळ्याशी काहीही नको. मसाजर ठीक, चार्ज पटकन होतो, आवाज मिक्सरइतका नाही पण पंखा फुल लावावा लागतो. सोबतचं जेल पाण्याचं आहे ते बरंय. खोबरेल तेलावर भागवणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तेलाने लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होतो आणि फाटू शकतो. आणि सिलिकॉनच्या मसाजरला सिलिकॉनचं जेल लावू नका, खराब होतो तो. वापरून झालं की साध्या साबणाने धुवा.

पण खरे पैसे वसूल झाले ते कार्डांवर, जी मी आधी फेकणारच होते. प्रत्येक कार्डावर एक गोष्ट लिहिलेली, आणि दोघांनी वेगवेगळं बसून हो, नाही, कदाचित असे तीन गठ्ठे करायचे. सगळं इंग्रजीत, मराठी सोडा हिंदीसुद्धा नाही, तीनचार शब्द तर मोबाईलवर बघावे लागले. मला वाटलेलं ह्याचं सगळं "हो" असणार. त्याचा "नाही"चा गठ्ठा माझ्यापेक्षा जाड निघाला! एका कार्डावर आम्ही दोघांनीही "हो" टाकलेलं, आणि 11 वर्षांत दोघांनीही तोंड उघडलेलं नव्हतं कारण समोरच्याला काय वाटेल. त्या रात्री काहीच केलं नाही, दोन वाजेपर्यंत नुसतं बोलत होतो. "नाही"वाल्या कार्डांवर का म्हणून विचारायचं नाही हे मात्र आधीच ठरवलेलं, नाहीतर त्यावरूनच भांडण झालं असतं.

एक शब्दही ठरवायला सांगतात, तो म्हटला की जे चाललंय ते जागच्या जागी थांबवायचं. "थांब" चालत नाही कारण ते हसतहसतही म्हटलं जातं. आम्ही "दोडका" ठेवला, त्याला अजिबात आवडत नाही म्हणून. एकदा मी खरंच म्हटला, त्याने लगेच सोडलं, पाणी आणून दिलं, विषय संपला. फक्त आता सासूबाई दोडक्याची भाजी वाढतात तेव्हा आमचे हाल होतात.

पाचपैकी साडेतीन. पीस आणि वेल्क्रोचे मार्क कापलेत, आणि उघडलेला माल परत घेत नाहीत हेही बघून घ्या. "कदाचित"चा गठ्ठा अजून कपाटात साड्यांच्या खाली आहे, दिवाळीनंतर सासूबाई आठ दिवस नणंदेकडे जाणारेत तेव्हा बघू.