शेणखताची ट्रॉली की तागाची पिशवी?

ताग पेरायचा आणि हिरवा असतानाच जमिनीत गाडायचा, या हिरवळीच्या खतासाठी युरियाला पर्याय म्हणून तागाचं बियाणं घ्यायचं मनात असेल तर घेऊ नका, पैसे वाचवा. एकरी २५ किलो बी लागतं. मला ते किलोला शंभराच्या आसपास पडलं, म्हणजे नुसत्या बियाण्याचे अडीच हजार झाले. पीक जोमदार आलं तर एकरी सहा-सात टन हिरवा पाला जमिनीत जातो आणि त्यातून २५-२८ किलो नत्र मिळतं, तेही सगळं पहिल्या पिकाला लागू होत नाही. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत जवळपास २१ किलो नत्र असतं आणि गोणी मिळते २६६ रुपये ५० पैशांना. रोटाव्हेटरचं भाडं आणि दोन महिने अडकलेलं वावर मी अजून धरलंच नाही.

तरी दर पावसाळ्यात एका वावरात मी ताग टाकते, कारण माझा हिशोब शेणखताशी आहे. इथे जुन्नरला चांगलं कुजलेलं शेणखत मिळवणं हाच एक व्याप. ट्रॉली येते तिच्यात निम्मी माती, उरलेलं अर्धवट ओलं, आणि वर हुमणीच्या अळ्या नि गवताचं बी फुकट. कोंबडखत कच्चं पडलं की रोपं करपतात. ताग निदान आपल्या डोळ्यांसमोर वाढलेला असतो. सासरे अजून तागाच्या वावराकडे बघून हळहळतात, "पेरायचं आन् गाडायचं, इथं कोथिंबीर निघाली असती की." कोथिंबिरीला भाव असेल त्या वर्षी मला उत्तर सुचत नाही.

आता बियाण्याबद्दल. दुकानात लेबलची पिशवी मिळते आणि मोकळं, तोलून दिलेलंही मिळतं. मोकळं स्वस्त, पण एका वर्षी मला मिळालेल्यात किडके दाणे आणि काडीकचरा इतका होता की उगवण विरळ झाली आणि मधल्या जागेत काँग्रेस गवत माजलं. आता शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते, ऐंशीपेक्षा कमींना मोड आले तर बी परत. पेरताना दहा किलो बियाण्याला रायझोबियमचं (मुळांवरच्या गाठीत नत्र धरणारे जिवाणू) २५० ग्रॅमचं एक पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून चोळायचं आणि सावलीत सुकवायचं. सुपर फॉस्फेट द्यायचं असेल तर ते पेरणीलाच द्यावं, गाठी चांगल्या धरतात.

ओढ्याकडच्या तुकड्यात पाणी साचतं, तिथे ताग टिकत नाही. तिथे धैंचाच हवा, तेही असंच गाडायचं हिरवळीचं पीक. तो पाण्यात उभा राहतो आणि चोपण, म्हणजे क्षारानं घट्ट झालेल्या जमिनीतही येतो. बी कडक असतं म्हणून रात्रभर भिजवून टाकावं. निचऱ्याच्या रानात मात्र ताग सरस. भराभर वाढून गवत दाबतो (लव्हाळा सोडून, त्याला काहीच होत नाही) आणि सूत्रकृमीला (मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे किडे) थारा देत नाही. टोमॅटो, काकडी, वांगी करणाऱ्यांना एवढ्या एका कारणासाठीही तो परवडेल.

महिन्याचं झाड खुरप्यानं मातीसकट काढून बघा. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. एखादी नखानं फोडायची. आत गुलाबी-लालसर निघाली तर नत्राचं काम चालू आहे, पांढरट किंवा हिरवट निघाली तर नाही. सूत्रकृमीच्या गाठीशी घोळ करू नका. तिच्यात मूळच फुगलेलं असतं, ती सुटत नाही. ही बोटानं अलगद सुटते.

खरी कटकट गाडताना. ताग हे मुळात वाखाचं, म्हणजे दोर वळायच्या धाग्याचं पीक. उभ्या पिकात रोटाव्हेटर घातला की दांड्याला वाखाचा असा पिळा बसतो की ट्रॅक्टरवाला खाली उतरून कोयत्यानं कापत राहतो आणि तासाचं भाडं आपल्या डोक्यावर. आधी फळी फिरवून पीक आडवं पाडावं, पलटी नांगरानं गाडावं आणि रोटाव्हेटर नंतर मारावा. वेळही तितकीच महत्त्वाची. पिवळी फुलं दिसू लागली, म्हणजे साधारण ४५ दिवस झाले, की गाडून मोकळं व्हायचं. अजून थोडा वाढू दे म्हणत थांबलात तर खोड लाकडी होतं. मग ते कुजवायला जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढतात आणि वर फ्लॉवरची रोपं पिवळी पडतात.

गाडल्यावर तीन आठवडे लागवड नको. पाऊस नसेल तर पाणी द्या. अर्धवट कुजलेल्या पाल्यात रोपांना मर लागते, आणि न कुजलेल्या काड्या मल्चिंग पेपरला भोकं पाडतात ते वेगळंच.

फ्लॉवरचा गड्डा त्यामुळे मोठा झाला असं मी म्हणणार नाही. युरियाचा एक हप्ता कमी केला तरी मालात फरक पडला नाही, एवढं नक्की. मला पटलं ते मातीनं. बेड पाडताना ढेकळं कमी निघतात, आणि पाऊस उघडला की शेजारच्या पट्ट्याच्या आधी या वावरात वाफसा (काम करता येईल इतकीच ओल) येतो. पावसाळी फ्लॉवरला याची किंमत काय असते ते करणाऱ्याला विचारा.

तागाला पाचात चार गुण. एक वाखापायी कापला.

एकच एकर रान असेल आणि तेही सतत भाजीखाली, तर यात पडू नका. त्यापेक्षा बांधावर पावसाच्या सुरुवातीला गिरिपुष्पाच्या फांद्या रोवा. झाडं धरली की कोवळा पाला छाटून वाफ्यात गाडता येतो, वावर अडकत नाही आणि बियाण्याचा खर्चही नाही.