विंडीवरची मॉडेलांची तुलना : थंडीतल्या वाऱ्याला किती कामाची?

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत वाऱ्याचा अंदाज दोन कामांना लागतो : दिवसा फवारणी, आणि रात्री दव गोठेल का याचा अदमास. विंडी या चेक ॲपमधलं तुलनेचं पान पहिल्या कामाला झकास आहे. दुसऱ्याला ते फसवतं. तेही तिथली तिन्ही मॉडेलं (हवेचा अंदाज काढणाऱ्या संगणकी पद्धती) एका सुरात फसवतात, म्हणून शंकाही येत नाही.

नकाशात आपल्या शिवारावर बोट दाबून धरायचं, अंदाजाची पट्टी आली की तुलनेचा पर्याय निवडायचा. युरोपियन ईसीएमडब्ल्यूएफ (९ किमी, म्हणजे मॉडेलच्या चौकोनाची बाजू), जर्मन आयकॉन (१३ किमी) आणि अमेरिकन जीएफएस (विंडीवर २२ किमी) एकाखाली एक दिसतात. एकक आधी किमी/तास करून घ्या. नॉट राहिलं तर १० दिसणारा वारा खरं तर साडेअठरा किमीचा असतो.

बहुतेकांची चूक होते ती वेळेत. जीएफएस दिवसातून चारदा चालतं, म्हणजे नव्याने अंदाज काढतं, आणि पहाटे साडेपाचची फेरी सकाळी दहाच्या आसपास हाती येते. युरोपियनची तीच फेरी यायला दुपार होते. म्हणून सकाळी अकराला तुलना पाहिली तर ताजा जीएफएस आणि आदल्या संध्याकाळचा युरोपियन शेजारी बसलेले असतात. त्यांच्यातला फरक मॉडेलांचा नसून फेऱ्यांचा असतो. दुपारी दीड ते तीनच्या सुमारास तिन्ही एकाच फेरीवर असतात. दुसरी अशी वेळ रात्री दीडची, ती ज्याला झोप येत नाही त्याच्यासाठी. कोणत्या मॉडेलची कोणती फेरी दिसते आहे, ते माहितीच्या खिडकीत लिहिलेलं असतं.

दिशेसाठी जमिनीवरचा वारा बघू नका, ८५० हेक्टापास्कलचा (हवेच्या दाबाचा) थर लावा (साधारण दीड किमी उंची). पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी हिवाळी पावसाळी प्रणाली) उत्तरेतून सरकत असताना वारा आग्नेयेकडून वळतो, ढग येतात, रात्रीचा पारा चढतो. तो पुढे गेला की राजस्थान-माळव्यावरून उत्तरेचा कोरडा वारा खाली उतरतो आणि एक-दोन दिवसांत थंडी पडते. हा क्रम तिन्ही मॉडेलं बहुधा धरतात. भांडण असतं ते वेळेचं. चौथ्या दिवसापलीकडे ते १२ ते २४ तासांचं होऊ शकतं. अशा वेळी तिघांची सरासरी काढण्यात अर्थ नाही. एक मंगळवारी आणि दुसरं बुधवारी वारा वळवत असेल, तर मधली वेळ कुणीच सांगितलेली नसते. एक दिवस थांबून पुढची फेरी पाहावी. आणखी एक : ९५० किंवा १००० हेक्टापास्कलचे खालचे थर आपल्या पठारावर लावू नका. ते जमिनीला टेकलेले किंवा चक्क जमिनीखाली येतात, तिथला आकडा हिशेबाने भरलेला असतो.

फवारणीसाठी मॉडेलचा वारा १० मीटर उंचीवरचा आहे हे धरून चाला. मोकळ्या रानात २ मीटरवर तो साधारण पाऊणपट होतो : १२ दिसला तर ९. मांडवात त्याहून कमी. ३ ते १५ किमीमध्ये ब्लोअर (फवारणीचं यंत्र) चालवायला हरकत नाही. पहाटे अगदी पडलेल्या वाऱ्यात मात्र नको. थंड हवेच्या थरात बारीक थेंब तरंगत राहतात आणि भलतीकडे जातात. झोताच्या (गस्ट) ओळीची तुलना करूच नका, प्रत्येक मॉडेल झोत वेगळ्या रीतीने काढतं.

आता रात्र. आकाश निरभ्र असलं की जमीन झपाट्याने निवते, वरची हवा उबदार राहते आणि दोन्ही थरांचा संबंध तुटतो. वारा पडतो. मॉडेलं अशा स्थितीतही हवा थोडी जास्तच घुसळत ठेवतात, म्हणून तिघांतही रात्रभर ५-६ किमीचा वारा आणि प्रत्यक्षापेक्षा वरचा पारा दिसतो. त्यात ९ किमीचा चौकोन म्हणजे ८१ चौरस किमीला एकच उंची. गोदावरी-कादवाकाठच्या सखल रानात थंड हवा साचते, ती त्याला दिसत नाही. उपाय एवढाच : रात्री दहानंतर तिन्ही ओळींत ढग नसतील आणि वारा ७ च्या आत असेल, तर तो शून्य समजा. सर्वांत सखल प्लॉटमध्ये घडांच्या उंचीवर थर्मामीटर टांगा. हवेत ३-४ अंश असतानाही पानाचा पृष्ठभाग शून्याला टेकू शकतो. शेकोट्या, विहिरीचं पाणी यांचा निर्णय त्या थर्मामीटरवर घ्या, ॲपवर नाही.

पैसे भरून तासातासाचा अंदाज मिळतो, फुकटात तीन-तीन तासांचा. कोकणात हा फरक जाणवतो, कारण मतलई (जमिनीकडून समुद्राकडे जाणारा) वारा संपून खारा (समुद्राकडून येणारा) सुरू होण्याची वेळ तीन तासांच्या खणात हरवते. द्राक्षाला फुकटचं पुरतं.