बाजारातले सुटे अळीव प्रयोगशाळेत कितपत चालतात?

म्हापशाच्या बाजारात मसाल्याच्या आणि कडधान्याच्या दुकानांत अळीव सुटे मिळतात. गिऱ्हाईक येतं ते बाळंतिणीच्या खिरीसाठी नाहीतर लाडवांसाठी, त्यामुळे रुजवण किती विचारलं तर दुकानदार आधी तुमच्या तोंडाकडे बघतो. पण कंपोस्ट, सांडपाणी, माती झाडाला बाधते का हे तपासायला जगभर हेच बी वापरतात: लेपिडियम सॅटिव्हम, इंग्रजीतलं गार्डन क्रेस. एका ग्रॅममध्ये साधारण पाचशे दाणे बसतात, म्हणजे 100 ग्रॅमच्या पुडीत कॉलेजच्या प्रयोगशाळेचं वर्ष सहज निघतं. विषाक्ततेच्या चाचणीला आणि बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांना हा माल पैसे वसूल आहे. मात्र पुडी फोडली आणि दाणे थेट पेट्री डिशमध्ये टाकले, असं करून चालत नाही.

आधी निवडून घ्या. सुट्या मालात खडे, फुटके दाणे आणि मोहरी हमखास असते. मोहरी गोल असते, अळीव लांबट, तांबूस, एका टोकाला निमुळता. फुटके दाणे काढलेच पाहिजेत, कारण ते रुजत नाहीत आणि बुरशी तिथूनच सुरू होते. जात खरी आहे का याची शंका असेल तर चार-पाच दाणे ओल्या कापसावर उजेडात वाढू द्या. अळिवाच्या बीजपत्राचे, म्हणजे रुजताना आधी येणाऱ्या पानाचे, तीन फाटे असतात, मधला लांब आणि बाजूचे दोन आखूड. मोहरीचं बीजपत्र हृदयाच्या आकाराचं असतं. ही खूण एकदा पाहिली की पुन्हा घोटाळा होत नाही.

मग लॉटची परीक्षा. साध्या डिस्टिल्ड पाण्यावर 100 दाणे, 25 अंशाला. ताजा माल असेल तर 24 तासांत बहुतेक दाण्यांचं मूळ बाहेर दिसतं आणि तीन दिवसांत नव्वदच्या वर रुजतात. ऐंशीच्या खाली राहिले तर ती पुडी लाडवांना द्या.

अळिवाची खरी गोम आहे त्याच्या बुळबुळीत थरात. पाणी लागताच दाण्याभोवती सब्ज्यासारखा पारदर्शक गर फुगतो. म्हणून दाणे भिजवून मांडायचे नाहीत. भिजले की एकमेकांना आणि चिमट्याला चिकटतात, अंतर राखता येत नाही. कोरड्या चिमट्याने एकेक कोरडा दाणा ओल्या कागदावर ठेवायचा. निर्जंतुक करायला अनेकजण सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवतात. त्यात गर फुगतो आणि क्लोरिन धरून ठेवतो, कितीही धुतलं तरी पूर्ण जात नाही, मग मुळं आखडतात आणि दोष बिचाऱ्या कंपोस्टवर जातो. त्यापेक्षा 70 टक्के अल्कोहोलमध्ये मिनिटभर ठेवा, टिपकागदावर सुकवा. अल्कोहोलमध्ये गर फारसा फुगत नाही.

कंपोस्टची चाचणी अशी: कोरड्या वजनाने एक भाग कंपोस्ट, दहा भाग डिस्टिल्ड पाणी, तासभर हलवून व्हॉटमन नंबर 1 फिल्टर पेपरमधून गाळायचं. 9 सेंटीमीटरच्या डिशमध्ये दोन फिल्टर पेपर, त्यावर 4 मिलिलिटर अर्क, 10 दाणे. प्रत्येक नमुन्याच्या किमान तीन डिश, सोबत नुसत्या पाण्याच्या तेवढ्याच. 5 मिलिलिटरच्या वर गेलात की कागदावर पाणी उभं राहतं, गराचा थर बुडतो, दाण्याला प्राणवायू कमी पडतो. 25 अंशाला अंधारात 72 तास. त्याहून जास्त ठेवू नका, मुळं डिशच्या कडेला टेकून वळतात आणि पट्टी लावणं कठीण होतं.

मोजायचं काय, यावरच बहुतेक प्रकल्प घसरतात. नुसते रुजलेले दाणे मोजून काही कळत नाही. बीला स्वतःचा शिधा असतो, वरून कवच असतं, त्यामुळे बऱ्यापैकी विषारी अर्कातही ते रुजतं. त्रास दिसतो तो मुळाच्या लांबीत. झुकोनी आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये मांडलेला अंकुरण निर्देशांक दोन्ही एकत्र घेतो: नमुन्यातली रुजवण गुणिले मुळाची सरासरी लांबी, भागिले पाण्यातली रुजवण गुणिले लांबी, गुणिले 100. समजा पाण्यात 95 टक्के दाणे रुजले आणि मुळं 40 मिलिमीटर झाली, अर्कात 90 टक्के आणि 24 मिलिमीटर. रुजवण पाहिली तर सगळं छान. निर्देशांक येतो 57. ऐंशीच्या वर असेल तर कंपोस्ट बिनधास्त वापरा, पन्नासच्या खाली ते कच्चं. मासळीचा कचरा घातलेलं कंपोस्ट घाईने काढलं तर अमोनिया आणि सेंद्रिय आम्लांमुळे आकडा खाली जातो. आणखी मुरू द्या आणि पुन्हा तपासा.

खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट, मातीला मात्र हा आकडा जसाच्या तसा लावू नका. तिथे मूळ आखडतं ते बरेचदा नुसत्या मिठाने. अर्काची विद्युतवाहकता मोजा, तेवढ्याच वाहकतेचं मिठाचं पाणी करून त्याच्याही डिश लावा. मुळं दोन्हीकडे सारखीच आखडली तर दोष क्षाराचा. डिचोली-सत्तरीकडच्या खाणीच्या टाकाऊ मातीतल्या धातूंबद्दल बोलायचं असेल तर ही जोड-डिश पुरत नाही, रासायनिक विश्लेषण करावंच लागतं. अळीव त्रास आहे एवढं सांगतो, कशाचा ते सांगत नाही.

बी संवेदनशील आहे की नाही हे पडताळायला मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट, उत्तम. पोफळीवर बोर्डो मिश्रण मारणाऱ्यांच्या घरी ते असतंच, पण इथे प्रयोगशाळेतल्या शुद्धतेचं घ्या. तांबं लिटरला 10, 50, 100 मिलिग्रॅम अशी मालिका लावा. मुळं पायरी-पायरीने आखडली पाहिजेत. तसं झालं नाही तर बी पुरेसं संवेदनशील नाही, नाहीतर वजनात किंवा पातळ करण्यात चूक आहे.

रसायनशास्त्राच्या तासालाही हेच बी कामाला येतं. थंड पाण्यात अळीव वाटले की झणका येतो. दाण्यातलं ग्लुकोट्रोपिओलिन हे द्रव्य आणि मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, वाटल्यावर भेटतात आणि झणक्याचं बेन्झाइल आयसोथायोसायनेट तयार होतं. अख्खे दाणे आधी पाच मिनिटं उकळून मग वाटले तर विकर मेलेलं असतं आणि झणका जवळजवळ नाहीसा होतो. खर्च शून्य, परिणाम नाकाला कळतो.

एक खबरदारी. अळीव आणि दुसरं बी एकाच डिशमध्ये ठेवू नका. रुजताना अळीव लेपिडिमॉइड नावाचं द्रव्य बाहेर सोडतात, जपानी संशोधकांनी ते 1992 मध्ये वेगळं केलं. शेजारच्या रोपाचं खोड त्याने लांबतं, मूळ आखडतं. तुलनेसाठी तांबडी भाजी घ्यायची असेल तर तिची डिश वेगळी.

पर्याय काय? खाण्यासाठी विकली जाणारी बंद पाकिटं निवडलेली असतात, पण भाजलेले अळीव रुजणार नाहीत, तेव्हा लेबल वाचा. मायक्रोग्रीनसाठी (कोवळी रोपं खाण्यासाठी) विकलं जाणारं अळिवाचं बी महाग, एकसारखं आणि चांगलं. प्रबंधासाठी तेच घ्या, लॉट नंबरही मिळतो. आयात केलेल्या तयार संचात उभ्या पारदर्शक पेट्या असतात, मुळं सरळ खाली वाढतात, फोटोवरून लांबी मोजता येते. सोय झकास आहे, पण किंमत विद्यार्थ्यांच्या आवाक्यातली नाही. सीडीच्या जुन्या पारदर्शक डबीत ओला फिल्टर पेपर बसवून ती जवळजवळ उभी ठेवली तर तेच काम होतं. कडेने सुकते, म्हणून झाकणाच्या डब्यात ओल्या कापडासह ठेवा.

संशोधनपत्रात 'थेल क्रेस' वाचून अळीव आणायला निघालेल्यांसाठी: ते अरबिडोप्सिस थालियाना, हे नव्हे. कूळ एकच, मोहरीचं, पण झाड वेगळं. जनुकसंच 2000 मध्ये वाचून झालेलं ते पहिलं झाड. त्याचं बी ग्रॅममध्ये पन्नास हजारांच्या आसपास, धुळीएवढं, आणि ते येतं ओहायो किंवा नॉटिंगहॅमच्या बीजसंग्रहातून, आयातीच्या कागदपत्रांसह. त्याला 22 अंश लागतात. गोव्यातल्या साध्या खोलीत 28च्या वर रोपं लांबुडकी होतात आणि लवकर फुलतात, म्हणजे वातानुकूलित कक्षाशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

अळीवही मे महिन्यात खोलीवर ठेवू नका, 32 अंशाला मुळं आखूड राहतात आणि बुरशी माजते. वीज गेली आणि इनक्युबेटर तापला तर पाण्याच्या डिशही तेवढ्याच तापतात, पण दोन वेगळ्या दिवसांचे आकडे मग एकत्र करता येत नाहीत. पुडी पावसाआधी घ्या, एकाच दुकानातून एकाच वेळी, आणि सिलिका जेल घातलेल्या घट्ट बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर आत दव धरतं आणि दाणे बरणीतच चिकटतात.