एचआरसाठी सॉफ्टवेअरचं सर्टिफिकेट, की पेरोल आणि कामगार कायदे?

एमबीए किंवा एमएसडब्ल्यू संपवून गोव्यातल्या वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांत अर्ज टाकणारी मुलं हल्ली हमखास विचारतात, एसएपीचं, म्हणजे कंपन्यांचा कारभार चालवणाऱ्या त्या सॉफ्टवेअरचं, सर्टिफिकेट करू का? मी स्वतः ते न करता पेरोल आणि कामगार कायद्यांचा कोर्स केला. त्यामुळे माझं मत थोडं एका बाजूला झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

सक्सेसफॅक्टर्सचं, म्हणजे एसएपीच्या एचआर सॉफ्टवेअरचं, कन्सल्टिंग करायचं असेल आणि पुण्या-बेंगळुरूला जायची तयारी असेल, तर सर्टिफिकेट कराच. एसएपीच्या जुन्या ईसीसी प्रणालीची नियमित देखभाल २०२७ अखेर संपते, तेव्हा कंपन्यांना क्लाउडवर नेण्याचं काम अजून बरंच आहे. पैसाही तिथे बरा मिळतो. वर्कडे या दुसऱ्या कंपनीच्या एचआर सॉफ्टवेअरच्या नादी मात्र सध्या लागू नका. ते प्रशिक्षण ग्राहक आणि भागीदार कंपन्यांतल्या माणसांसाठी असतं, नोकरीआधी आपल्या हाती लागत नाही.

माझं घोडं अडलं ते सरावापाशी. एका संस्थेचा डेमो वर्ग बघायला गेलो होतो. सरावाची सिस्टम सगळ्या बॅचला मिळून एकच. आपण एखादी नोंद करावी, तर दुसऱ्या दिवशी ती कुणीतरी बदललेली. त्यातले कर्मचारीही सगळे अमेरिकेतले, पगार डॉलरमध्ये. पीएफ नाही, ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) नाही. कोर्स संपला की लॉगिनही बंद. पेटी शिकायला घरी पेटी हवी ना! हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली निदान एज्युकेशनल मोडमध्ये घरच्या संगणकावर चालवता येते. शिवाय एसएपीचं सर्टिफिकेट आता दरवर्षी छोटी परीक्षा देऊन चालू ठेवावं लागतं. जी सिस्टम उघडायलाच मिळत नाही, तिची परीक्षा दरवर्षी कशाच्या जोरावर द्यायची?

बरं, ज्या कारखान्यांत ही सॉफ्टवेअर आहेत, तिथेही प्लांटच्या एचआरला बहुतेक वेळा रजा मंजूर करणं आणि रिपोर्ट काढणं एवढेच अधिकार असतात, असं मी पाहिलंय. सेटिंग बदलायची टीम मुख्यालयात बसते.

याउलट, कायद्याचं काम पहिल्या दिवसापासून अंगावर येतं. जूनमध्ये पगार वाढून ईएसआयची २१,००० रुपयांची मर्यादा ओलांडली, तर वर्गणी लगेच थांबवायची का? नाही, सप्टेंबरअखेरपर्यंत कापायची. मुलाखतीत मला नेमकं हेच विचारलं होतं. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनात धरायची. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या माणसाला वर्षभराच्या नोकरीवर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. करारावर माणसं घेणाऱ्या आपल्याकडच्या हॉटेलांना हे समजावणारा माणूस लागतोच. आणि आधारवर नावाचं एक स्पेलिंग, जन्मदाखल्यावर दुसरं, पीएफ खात्यात तिसरंच, हा गोव्यातला रोजचा घोळ तर कुठलंच सर्टिफिकेट सोडवत नाही.

अर्थात, तुमच्या कंपनीत नवी सिस्टम येऊ घातली असेल आणि फी कंपनीच भरणार असेल, तर बेलाशक करा. तेव्हा सराव खऱ्या नोंदींवर होतो. स्वतःच्या खिशातून भरणार असाल, तर आधी ज्या कंपनीत जायचंय तिथे काम करणाऱ्या कुणाला तरी विचारा, एचआरच्या लॉगिनला नक्की काय काय उघडतं.