योग्याकार्ताहून गोआ जोम्ब्लांग: दिवसभराची सहल

जावातल्या गुनुंगकिदुलमध्ये जिकडेतिकडे चुनखडीचा दगड. पाणी वर टिकत नाही, आत मुरून भुयारं कोरतं आणि कधीतरी छतच खाली येतं. जोम्ब्लांग हे असंच ढासळलेलं विवर. ('गोआ' म्हणजे आपली गुहाच, शब्द मूळचा संस्कृत.) पॅकेजवाले जोम्ब्लांग, पिंदुलची गुहा आणि तिमांगचा किनारा एका दिवसात कोंबतात. त्यातलं तिमांग सरळ गाळा.

सकाळी 6 ला निघा. अंतर जेमतेम 50 किलोमीटर, पण शेवटचा रस्ता दगडगोट्यांचा. दोन तास धरा. हेल्मेट, हार्नेस, गमबूट तिथेच मिळतात. मोजे मात्र लांब हवेत, नाहीतर बुटाची कड पोटरी सोलून काढते. सह्याद्रीत रॅपलिंग केलेल्यांनी ध्यानात घ्यावं, इथे दोर आपल्या हातात नसतो. दोघादोघांना एकदम विवरात सोडतात आणि वर माणसांची टोळी तो धरून असते. मांडीचे पट्टे जमिनीवरच आवळून घ्या. लटकल्यावर सैल पट्टा सरकतो आणि काचतो.

खाली झाडी, नेच्यांची दाटी, मग 300 मीटरचं काळंकुट्ट भुयार. चिखल असा की बूट जागेवर राहतो आणि पाय वर येतो. टोकाला ग्रुबुगची गुहा: 90 मीटर उंचीवरच्या भोकातून उतरणारा उन्हाचा झोत, खाली नदीची घरघर. इथल्या घड्याळात सूर्य 12 च्या आधीच माथ्यावर येतो, ऑक्टोबरात तर 11:20 च्या सुमारास. म्हणून 10:30 ला आत पोचलेलं बरं. जून-जुलैत झोत तिरका पडतो, पण आकाश निरभ्र असण्याची शक्यता जास्त. पावसाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, ढग आले की फक्त अंधुक उजेड. छतातून सतत ठिबकतं, लेन्स पुसायला कोरडं फडकं ठेवा.

खरी कटकट परतताना. सगळे एकदमच बाहेर येतात, दोर मोजकेच. झोत पाहून झाला की रेंगाळू नका.

जेवणाचं शाकाहाऱ्यांनी आधीच सांगावं. तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि तोफू चालेल, पण सांबलमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, बहुतेकदा तेरासी, म्हणजे कोळंबीचा खारवलेला गोळा असतो.

पिंदुल म्हणजे 350 मीटरच्या गुहेतून ट्यूबवर पाऊण तास तरंगणं. जोम्ब्लांगनंतर फिकं वाटतं, रविवारी तर ट्यूबवर ट्यूब आदळते. अंगावरचा चिखल मात्र छान निघतो.